पंख्याजवळचा बुश आणि पाण्याचा थर : हर्णै बंदरातील एक प्रकरण

हर्णैच्या एका ट्रॉलरचा पंख्याजवळचा रबरी बुश, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला आधार देणारे बेअरिंग, एकाच हंगामात दोनदा गेला. याआधीचा बुश त्याच नौकेवर, त्याच शाफ्टवर तीन हंगाम टिकला होता. पहिल्यांदा बुश गेला तेव्हा नाखव्याने रबर हलके निघाले म्हणून दुकानदाराला दोष दिला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मिस्त्रीला दोष दिला, आणि मिस्त्रीने शाफ्टला. तिघांचाही तर्क बुशाच्या रबराभोवती किंवा शाफ्टच्या धातूभोवती फिरत होता. प्रत्यक्षात भार पेलण्याचे काम या दोहोंपैकी कोणाकडेच नव्हते. ते काम दोघांच्या मधल्या पाण्याचे होते, आणि ते पाणी कुठून येते हे कोणी पाहिले नव्हते. यंत्रविद्या शिकवण्यात बरीच वर्षे गेल्यामुळे नाखव्याने मला बोलावले, म्हणून हे प्रकरण जवळून पाहता आले.

प्रथम रचना सांगतो. लाकडी ट्रॉलरच्या मागच्या खांबातून एक नळी आरपार जाते, तिला स्टर्न ट्यूब म्हणतात. इंजिनाकडून गिअरबॉक्समार्गे आलेला शाफ्ट या नळीतून बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाला पंखा बसतो. नळीच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या तोंडाशी ग्लँड असते. तिच्यात चरबी लावलेली दोरी ठासून पाणी आत येण्यापासून अडवतात. बाहेरच्या तोंडाशी, पंख्याला लागून, रबराचे अस्तर असलेला पितळी बुश असतो. रबराला लांबीभर खाचा असतात. या बुशाला तेल किंवा ग्रीस लागत नाही, समुद्राचे पाणी हेच त्याचे वंगण. शास्त्रीय मराठीत बेअरिंगला ‘धारवा’ असा चांगला शब्द आहे, पण बंदरावर तो कोणी वापरत नाही. तिथे सारे ‘बुश’च म्हणतात आणि इथेही तोच शब्द ठेवला आहे.

पाण्यावर चालणारा बुश ही काही नवी कल्पना नाही. पंख्याच्या आगबोटी नव्या होत्या तेव्हा पितळी बुश भराभर झिजत. १८५४ साली इंग्लंडमधल्या जॉन पेन यांनी लिग्नम व्हायटी या अतिशय कठीण आणि अंगचीच तेलकट राळ असलेल्या लाकडाच्या पट्ट्या बुशात बसवण्याचे पेटंट घेतले, आणि समुद्राच्या पाण्यातच फिरणारा शाफ्ट दीर्घकाळ टिकू लागला. लाकडाची जागा पुढे रबराने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले.

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. त्या काळात ही नौका आंजर्ल्याच्या खाडीत ओढून ठेवली होती आणि तिच्या तळाला पहिल्यांदाच फायबर मारून घेतले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती पाण्यात उतरली. पाचव्या आठवड्यात शाफ्टला हेलकावा जाणवू लागला आणि ग्लँडमधून पाणी जास्त येऊ लागले. उधाणाच्या भरतीला नौका किनाऱ्यावर लावून, ओहोटीच्या पाच-सहा तासांत पंखा काढून बुश बदलला गेला. ‘ढिला होता म्हणून हलला’ असा हिशेब करून मिस्त्रीने नवा बुश मुद्दाम घट्ट बसेल असा निवडला. तो जेमतेम अठरा दिवस टिकला.

मी गेलो तेव्हा दोन्ही जुने बुश नाखव्याने जपून ठेवलेले होते. हे त्याचे मोठे शहाणपण, कारण बहुतेक ठिकाणी पुरावा आधी भंगारात जातो आणि मग माणसे कारण शोधायला बसतात. पहिल्या बुशाच्या खालच्या अंगाचे रबर काचेसारखे चकचकीत आणि कडक झाले होते, त्यावर नखही रुतत नव्हते. खाचांमध्ये रबराचा काळा भुगा आणि रेती यांचा लगदा दाबून बसला होता. दुसरा बुश चारही अंगांनी घासलेला आणि काही ठिकाणी पितळापासून सुटलेला होता. शाफ्टवर त्या जागी बारीक चरे होते, पण खोल नव्हते. शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे कपलिंग सोडून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तिथली फट पाहिली, तर वरची आणि खालची फट सारखीच भरली. ही तपासणी मुद्दाम नौका तरंगत असताना केली, कारण लाकडी नौका किनाऱ्यावर एका आकारात बसते आणि पाण्यात दुसऱ्या. शाफ्ट वाकडा बसला असावा ही शंका त्यामुळे मिटली.

सर्वांत उपयोगी माहिती नौका चालवणाऱ्या तांडेलाने दिली, तीही विचारल्यावर सहज. “हळू चालवली की वरडतो, रेस दिली की गप,” तो म्हणाला. खाडीच्या तोंडावर गाळ साचला आहे. तिथून सावकाश जाताना मागून किंचाळल्यासारखा आवाज येई आणि उघड्या समुद्रात इंजिनाचे फेरे वाढवले की तो थांबे. या एका वाक्यात द्रवावर चालणाऱ्या बेअरिंगचे अर्धे शास्त्र आहे.

स्थिर शाफ्ट बुशाच्या तळाला टेकलेला असतो. बुशाचा आतला व्यास शाफ्टपेक्षा किंचित मोठा असल्यामुळे, टेकलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पाचरीसारखी निमुळती होत जाणारी फट राहते आणि तिच्यात पाणी असते. शाफ्ट फिरू लागला की त्याच्या पृष्ठभागाला चिकटलेले पाणी त्याच्याबरोबर ओढले जाते, ते लगतच्या पाण्याला ओढते, आणि हा सारा प्रवाह अरुंद होत जाणाऱ्या फटीत घुसतो. जागा कमी आणि येणारे पाणी जास्त, त्यामुळे फटीत दाब चढतो. वेग पुरेसा झाला की हा दाब शाफ्टला उचलून धरतो आणि रबर व शाफ्ट यांचा स्पर्श पूर्णपणे सुटतो. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर साचलेल्या पाण्यावर भरधाव गाडीचे चाक रस्ता सोडते, ते याच कारणाने. तिथे जो अपघात, तोच बुशात हवा असतो.

हे पहिल्यांदा लक्षात आले तेही योगायोगानेच. बीचॅम्प टॉवर हे इंग्रज अभियंते १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. वरच्या अर्धबुशाला तेल घालण्यासाठी त्यांनी माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर येऊ लागले. भोकात लाकडाची खुंटी ठोकली, तर ती बाहेर ढकलली गेली. मग दाबमापक लावला, तेव्हा भाराची सरासरी दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंड असताना मापकाची २०० पौंडांची पट्टीही अपुरी पडली. बाहेरून कोणीही दाब देत नव्हते. शाफ्टच्या फिरण्यानेच तो तयार होत होता. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले आणि आजही बेअरिंगची आखणी त्याच समीकरणावर उभी आहे.

या गणितातून हाती लागणारी गोष्ट साधी आहे. पाण्याचा थर किती जाड होईल हे द्रवाची श्यानता, म्हणजे दाटपणा, आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारावर आणि त्याला भाराने भागण्यावर ठरते. रिचर्ड श्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये घर्षण मोजून दाखवले की हा आकडा लहान असताना घर्षण मोठे असते, तो वाढत गेला की घर्षण झपाट्याने उतरते, आणि पूर्ण थर तयार झाल्यावर पुन्हा सावकाश चढू लागते. उतरत्या भागात पृष्ठभाग काही ठिकाणी टेकलेले आणि काही ठिकाणी तरंगते असतात. वेग जरा वाढला की घर्षण कमी, जरा घटला की जास्त, म्हणून रबर चिकटते आणि सुटते, चिकटते आणि सुटते. तांडेलाने ऐकलेली किंचाळी तीच.

आता या नौकेचे आकडे घेऊ. शाफ्टचा व्यास ५० मिलिमीटर आणि बुशाची लांबी त्याच्या चौपट, २०० मिलिमीटर. पंखा आणि शाफ्टचा बुशावर येणारा वाटा मिळून भार अंदाजे ९० किलो धरला, तर व्यास गुणिले लांबी या १०० चौरस सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो भार पडतो, म्हणजे अगदी हलका. गिअरबॉक्स तीनास एक. इंजिन १८०० फेऱ्यांवर असताना शाफ्ट ६०० फेऱ्यांनी फिरतो आणि त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे १.५७ मीटर होतो; इंजिन ६०० वर उतरले की तो ०.५२ मीटर राहतो. थर जमवण्याची ताकद एक-तृतीयांशावर येते. त्यात वंगण पाण्याचे. गरम इंजिनातले तेलही पाण्याच्या दहा-पंधरा पट दाट असते. म्हणजे पाण्याचा बुश मुळातच काठावर चालतो. भार हलका असतो आणि रबर स्वतः दबून दाब मोठ्या क्षेत्रावर पसरवते, म्हणूनच तो निभावतो. घट्ट बुश बसवण्याची चूकही इथे उघड होते. पाचर तयार व्हायला फट लागते. त्यात रबर पाण्यात किंचित फुगते. कोरड्या हाताला ‘बरोबर घट्ट’ वाटलेला बुश पाण्यात शाफ्टला सर्व बाजूंनी आवळून बसला.

तरीही पहिला बुश घट्ट नव्हता. तो का गेला? सावकाश चालताना होणारी झीज मागच्या तीन हंगामांतही होतीच. खाडीचे तोंड तेच, गाळ तोच आणि तांडेलही तोच.

उत्तर ग्लँडपाशी मिळाले. चार तास जाळे ओढून नौका परत आल्यावर लगेच ग्लँडची दोरी थोडी सैल करायला सांगितली. पाणी आले, पण बारीक धारेने, काळसर आणि हाताला कोमट. समुद्राचे पाणी नळीतून मोकळे वाहत असते, तर ते स्वच्छ आणि गार यायला हवे होते. म्हणजे नळीत पाणी होते, पण कोंडलेले. बुशात थर जमत होता, शाफ्ट तरंगतही होता, पण थरात तयार होणारी उष्णता वाहून नेणारे कोणी नव्हते. खाचांमध्ये शिरलेली रेती बाहेर काढणारेही कोणी नव्हते. अशा थराची जाडी मिलिमीटरच्या शतांशाच्या आसपास असते आणि रेतीचा बारीक कणही दशांश मिलिमीटरचा. असा कण थरात मावत नाही. रबर दबते, कण त्यावरून घरंगळत खाचेत पडतो, आणि खाचेतले वाहते पाणी त्याला बाहेर फेकते. ही तिसरी पायरी बंद पडली की उरलेल्या दोन उपयोगाच्या राहत नाहीत.

नाखव्याच्या मुलाच्या मोबाइलमध्ये आदल्या वर्षीचे, नौका किनाऱ्यावर असतानाचे छायाचित्र सापडले. मागच्या खांबाच्या दोन्ही अंगांना, बुशाच्या किंचित पुढे, करंगळी जाईल एवढी दोन भोके त्यात स्पष्ट दिसत होती. नळीत पाणी शिरायची वाट तीच. नव्या फायबरखाली त्यांचा मागमूस नव्हता. कामगारांनी तळ गुळगुळीत करून दिला होता; आपल्या परीने त्यांनी काम चोखच केले होते.

इथे मिस्त्रीने एक सूचना केली, आणि तिच्यामुळे बेअरिंगच्या प्रकारांचा प्रश्न बंदरावरच निघाला. इंजिन थंड करणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या नळातून एक फाटा काढून स्टर्न ट्यूबमध्ये दाबाने पाणी सोडावे, म्हणजे पाण्याचा दाबच शाफ्टला उचलेल आणि हळू चालतानाही आवाज येणार नाही, असे त्याचे म्हणणे. पहिला भाग पूर्ण बरोबर होता आणि दुसरा पूर्ण चूक.

द्रवावर चालणाऱ्या बेअरिंगचे वर्गीकरण करताना आधी एकच प्रश्न विचारावा: भार पेलणारा दाब कोण तयार करतो? फिरणारा भाग स्वतःच करत असेल, तर ते हायड्रोडायनॅमिक. बाहेरचा पंप करत असेल, तर हायड्रोस्टॅटिक. पंप असला की बेअरिंग हायड्रोस्टॅटिक झाले, हा समज मिस्त्रीचाच नव्हे, बऱ्याच विद्यार्थ्यांचाही असतो. याच नौकेचे इंजिन पाहा. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगना पंपाने तेल जाते, दाब चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलो. पण स्फोटाच्या धक्क्यावेळी तिथल्या थरात शेकडो किलोंचा दाब उभा राहतो, तो पंपाचा नसतो. पंप फक्त तेल हजर ठेवतो आणि उष्णता नेतो. म्हणून ते बेअरिंग हायड्रोडायनॅमिकच.

खऱ्या हायड्रोस्टॅटिक बेअरिंगमध्ये पृष्ठभागात कप्पे कोरलेले असतात आणि पंपाकडून प्रत्येक कप्प्याकडे जाणाऱ्या वाटेवर अरुंद अडथळा असतो. खरी गोम या अडथळ्यात आहे. शाफ्ट एका बाजूला झुकला की तिथली फट कमी होते, कप्प्यातून बाहेर पडणारे तेल घटते, अडथळ्यातून येणारे तेलही घटते, म्हणून अडथळ्यात दाब कमी खर्च होतो आणि कप्प्यातला दाब चढून शाफ्टला परत लोटतो. वेग शून्य असला तरी हे चालते. अमेरिकेतल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीचा सुमारे ५०० टनांचा फिरता भाग १९४८ पासून तेलाच्या अशाच थरावर तरंगतो. दिवसाला एक फेरा अशा गतीने फिरणाऱ्या वस्तूखाली पाचरीचा दाब तयार होणे शक्यच नाही. आमच्या बुशात कप्पे नाहीत, अडथळा नाही, आणि दोन्ही टोकांना उघड्या खाचांमुळे आलेले पाणी तसेच निघून जाणार. नळातला दाब अर्ध्या किलोच्या आतबाहेर, भार ०.९ किलोचा. तो फाटा शाफ्टला उचलणार नाही, पण बुशाला धुऊन काढील, थंड ठेवील. आम्हाला तेवढेच हवे होते.

दोन्ही पद्धतींचा संकरही असतो. चिपळूणजवळ पोफळीला कोयनेच्या पाण्यावर वीज होते हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. उभ्या अक्षाच्या मोठ्या जलविद्युत संचात फिरणाऱ्या भागाचे सगळे वजन थ्रस्ट बेअरिंगवर, म्हणजे अक्षाच्या दिशेचा रेटा घेणाऱ्या बेअरिंगवर, येते. तिथे किंचित कलू शकणाऱ्या स्वतंत्र गाद्या असतात, आणि प्रत्येक गादी स्वतःची पाचर स्वतः साधते. ऑस्ट्रेलियात मिशेल आणि अमेरिकेत किंग्सबरी यांनी ही कल्पना एकमेकांना नकळत काढली. किंग्सबरींचे बेअरिंग १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या होल्टवूडच्या जलविद्युत केंद्रात बसले. अनेक मोठ्या संचांत सुरू होण्यापूर्वी पंपाने गाद्यांखाली उच्च दाबाचे तेल सोडून फिरता भाग उचलतात, आणि वेग आला की तो पंप बंद करतात. सुरुवात हायड्रोस्टॅटिक, पुढे हायड्रोडायनॅमिक. आमच्या ट्रॉलरच्या पंख्याचा रेटा मात्र गिअरबॉक्समधली साधी रोलर बेअरिंग घेतात, तिथे शाफ्ट तरंगवण्याचा प्रश्न येत नाही.

दाब तयार होण्याची तिसरीही एक रीत आहे, ती वर्गीकरणात बऱ्याचदा राहून जाते. दोन पृष्ठभाग फिरत नाहीत, नुसते जवळ येतात, आणि मधल्या द्रवाला बाहेर निसटायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो भार पेलतो. पिस्टनची पिन नुसती डोलते, पूर्ण फिरत नाही, तरी टिकते ती मुख्यतः अशा दाबल्या जाणाऱ्या थरामुळे. द्रवाऐवजी वायूही चालतो, मात्र हवेची श्यानता पाण्याच्याही पन्नासाव्या हिश्शाइतकी, म्हणून तिथे वेग प्रचंड, फट अतिशय बारीक किंवा दाब बाहेरचा लागतो. आमटीची गरम वाटी ओल्या, गुळगुळीत टेबलावर ठेवली की आपोआप सरकते, हे घरोघरी पाहिलेले असते. बुडाखालच्या पोकळीत अडकलेली हवा तापून फुगते, काठाखालच्या पाण्याने ती कोंडून धरलेली असते, आणि वाटी क्षणभर तिच्यावर तरंगते. दाब बाहेरच्या उष्णतेने आला, फिरण्याने नाही, म्हणून ही वाटी हायड्रोस्टॅटिकच्या वायुरूप भावंडात, एअरोस्टॅटिकमध्ये, धरायला हरकत नाही.

पुढच्या उधाणाला नौका पुन्हा किनाऱ्यावर घेतली. फायबर कापून दोन्ही भोके उघडली आणि तोंडाला जाळी बसवली. शाफ्टवरचे चरे पॉलिश करून घालवले. कारखान्याने सांगितलेली फट राहील असा बुश बसवला. थंड करणाऱ्या पाण्याचा फाटा, वाटेत गाळणी घालून, ग्लँडजवळ जोडला. ओहोटीच्या वेळेत हे सारे बसवताना दमछाक झाली, भरती पायाला लागली तेव्हा पंख्याची नट आवळणे चालू होते.

त्या दिवसापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत नौका त्याच बुशावर चालली. ग्लँडमधून येणारे पाणी गार आणि स्वच्छ होते. खाडीच्या तोंडावर सावकाश जाताना आवाज मात्र अजूनही येतो, पूर्वीपेक्षा कमी, पण येतो. शाफ्टच्या २०० फेऱ्यांना पाण्याचा पूर्ण थर जमत नाही आणि तो कोणत्याही बुशाने जमणार नाही, हे मी तांडेलाला सांगितले. त्यावर भरती चढल्यावरच खाडीत शिरावे, म्हणजे रेंगाळावे लागणार नाही आणि रेतीही कमी ढवळेल, हे त्याने स्वतःच ठरवले.

जूनमध्ये तळाला पुन्हा फायबरचा हात द्यायचा होता. कामगार येण्याआधी नाखव्याने दोन्ही भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, चार बोटे बाहेर राहतील अशा, आणि त्यांना लाल रंग लावला.